निम्मी फी

फॉर्मवर अजून छापलेलं होतं:
मिल कामगारांच्या पाल्यांस निम्मी फी.
मिल बंद पडून तेव्हा अकरा वर्षं झालेली,
पण छापखाना तोच, ठसा तोच,
आणि आमचं कॉलेज भरायचं
त्याच मिलच्या विणकाम खात्यात.

छत करवतीच्या दातांचं, उजेड उत्तरेकडून.
बाकांखाली फरशीत भोकं, चार-चार,
मागांचे पाय जिथे ठोकलेले होते तिथे.
त्यात पेन पडलं की निघायचं नाही.
बाबा विचारायचे, कुठी बसतं वं तू?
तिसरी ओळ, खिडकीकडून पाचवी.
ते बोटांवर मोजायचे, साडेचार बोटांवर,
आणि म्हणायचे, मंग तो कवडू गेडामचा माग.

ढोबळे बाबू म्हणाला, मिलचा दाखला आण.
कोणत्या मिलचा?
ह्याच.
भाऊ, तुम्ही बसले तेच तं टाइम ऑफिस हाये!
तो म्हणाला, नियम हाये. शेठजीची सही पायजे.

शेठ इंदरमलच्या बैठकीत
गादीच्या वर एकच फोटो, हार घातलेला,
त्या वर्षीचा साहेब, हसणारा.
फोटोभोवती चुन्यात एक फिकट चौकोन.
आधीचे साहेब जरा मोठ्या चौकटीत होते.
त्याच्याही बाहेर अजून एक पुसट कड.
मी चौकोनच पाहत उभी.
शेठजी म्हणाले, बेटा, मी धंद्याचा माणूस,
राजकारण आपल्याले समजत नाही.
सही केली, हिरव्या शाईनं.
'कामगार'च्या आधी जपून लिहिलं: माजी.

त्या हिवाळ्यात रासेयोचं शिबिर लागलं.
दोन बस, पुरीभाजीची पाकिटं.
श्रमदानाला म्हणून गेलो
तर मैदानावर टोप्या वाटत होते.
गोहणे सरांनी हजेरी मंडपामागं घेतली.
उन्हाळ्यात पुन्हा शिबिर,
बस त्याच, ड्रायव्हर तोच, टोप्या दुसऱ्या.
वेणू सोयामनं हिवाळ्यातली टोपी जपून ठेवलेली,
ती उलटी करून घातली.
अस्तर पांढरं निघालं. कोणालाच राग आला नाही.
दोन्ही मंचांवर शेठजी दुसऱ्या रांगेत.
पहिल्या रांगेत ते कधी बसलेच नाहीत.

रात्री घरी सांगितलं.
बाबा म्हणाले, धोटा पाह्यला का तू कधी?
इकडून मारला का तिकडे,
तिकडून मारला का इकडे.
त्याले का पक्ष असते?
कापड मात्र एकाच रुळावर...
आई भाकर टाकता टाकता म्हणाली,
धोट्याचं काय सांगता पोरीले.
मधात बोट तुमचं होतं.
मग बराच वेळ कोणी बोललं नाही.
शेजारच्या टीव्हीवर मतमोजणी चालू होती.

द्वितीय वर्ष, अर्थशास्त्र, प्रश्न चौथा:
उद्योजकांचे राजकीय कल स्पष्ट करा. गुण दहा.
पुस्तकात करधोरण होतं, परवाने होते,
कापसाची निर्यात होती, दोन परिच्छेद.
मी चौकोन लिहिले, अंदाजे मापांसकट.
गोहणे सरांनी दोन गुण दिले.
समासात लाल शाईनं: हे पुस्तकात नाही.
पेपर हातात देताना मात्र वाकून, हळूच,
किती होते म्हणालीस? दोन?
दोन दिसले सर.
आलमारीच्या बाजूला एक खिळा होता, नुसताच.
तो धरायचा का?
सर हसले नाहीत. म्हणाले, दार लाव जाताना.

यंदा पुतणीसाठी फॉर्म आणला.
फरशीवर आता टाइल्स बसवल्यात,
माझी दोन पेनं खाली असतील.
फॉर्मवर ती ओळ नाही.
नाव आणि जात यांच्या मधात
तेवढीच लांब कोरी जागा.
छापखाना बदलला असेल.