जोडलेली उपकरणे : अकरा

शारजात पत्ता विचारला की माणसं दुकान सांगतात :
बेकरीच्या मागे, चष्मेवाल्याच्या वर, लिफ्टसमोरचं दार.
राउटरचा पत्ता तसा नाही.
एकशे ब्याण्णव, ठिपका, एकशे अडुसष्ट, ठिपका,
एक, ठिपका, एक.
पाढ्यासारखा म्हणत टाइप केला.
रांगोळीलासुद्धा याहून जास्त ठिपके लागतात.

रात्रीचे सव्वादहा. मुक्ताचा उद्या पेपर.
व्हिडिओतले सर तोंड उघडं ठेवून थिजलेले,
मागे फळ्यावर बेन्झीनचा षटकोन, एक बाजू काढायची राहिलेली.
विद्याधर समुद्रात, रिगवर, अजून सतरा दिवस.
मेसेज टाकला : नेट रांगतंय, पासवर्ड काय?
एकच टिक.

पान उघडलं. पांढरं, दोन चौकटींचं,
तहसीलच्या खिडकीसारखं कोरडं.
मुक्ताची जन्मतारीख टाकली. चूक.
लग्नाची तारीख. चूक
(ती त्याच्या लक्षात नसतेच, आपलं टाकून बघितलं).
सासूबाईंचं नाव. कणकवलीचा पिनकोड.
हा माणूस कुठे काय ठेवतो
ते अठरा वर्षांत मला कळायला हवं होतं.
चूक. आता पाच मिनिटं थांबा, पान म्हणालं.

थांबले. राउटर उलटा केला.
खाली धूळ. इथली धूळ मैद्यासारखी,
बंद खिडकीतूनही येते आणि कुणी आणली ते सांगत नाही.
एक बारीक भोक, रीसेटचं.
कानातल्याची काडी काढून त्यावर धरली.
दहा सेकंद दाब, मुक्ता म्हणाली,
सगळं विसरतो, नव्यासारखा होतो.
धरून उभी राहिले. दाबली नाही.
का, ते नीट सांगता येणार नाही.

भोकाशेजारी पुसट लेबल : अ‍ॅडमिन.
त्याखाली परत अ‍ॅडमिन.
कारखान्यातून आला तसाच.
मी तारखा उकरत बसले होते
आणि दार नुसतं लोटलेलं.

आत अकरा नावं.
मी, मुक्ता, टीव्ही, त्याचा जुना लॅपटॉप. चार.
म्हणजे सात चोर, असं म्हणून बोट ब्लॉकवर नेलं
आणि मग वाचलं. रोमन अक्षरांत मराठी,
तो चॅटवर लिहितो तशीच, चुकांसकट :

नूरुल वॉचमन. नऊ ते साडेदहा.
नूरुलचा चुलतभाऊ, फक्त शुक्रवारी.
मारिसेल तीनशे चार. रात्री दोन ते तीन, मुलगा शाळेला निघतो.
कुंजुमोन इस्त्री. दहानंतर, शटर पडलं की.
शिंपी (पैसे देऊ म्हणाला, नको).
लिफ्टवाला. गेला. राहू दे.

माझ्याशी भाजीच्या जुडीपुरतं बोलणारा माणूस
एवढं सगळं कधी विचारत फिरला?
आणि माझ्या फोनचं नाव काय, तर : किचन.
यावर आपण बोलू, विद्याधर. तू ये.

सातवं बिननावाचं. नुसते आकडे आणि अक्षरं,
आत्ताच जोडलेलं. ते तसंच सोडलं.

‘किचन’ खोडून ‘अनघा’ लिहिलं.
मुक्ताला सगळ्यांच्या आधी वाट दिली, तशी एक खूण होती तिथे.
खाली अक्षरं आली :
बदल जतन करण्यासाठी राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होईल. चालेल?

दहा वाजून चाळीस मिनिटं.
कुंजुमोनच्या ओळीसमोरचा आकडा वाढत होता.
गॅलरीतून वाकून बघितलं, दुकानाचं शटर खाली,
फटीतून ट्यूबलाइटची रेघ,
आणि आतून मल्याळममध्ये कुणालातरी रागावणं चाललेलं,
मग हसणं, मग परत रागावणं.

मुक्ताला म्हटलं, माझ्या फोनवरून बघ तोवर.
डेटा संपेल, ती म्हणाली.
संपू दे.

खुर्ची ओढून बसले.
‘होय’ आणि ‘नाही’ दोन्ही समोर निळे, शेजारी शेजारी.
आकडा वाढतच होता.