व्हर्निअर

जूनचा तिसरा आठवडा. मार्केट यार्डाकडून हळदीचा वास
आणि खिडकीपाशी फॉर्मची रांग
पार सायकल स्टँडपर्यंत.
मी फिजिक्सच्या लॅबचा शिपाई. सव्वीस वर्षं
सोडियमचा दिवा लावतो, विझवतो.
तो लगेच पिवळा होत नाही, आधी गुलाबी होतो,
नव्या पोरांना वाटतं, बिघडला.

आमच्याकडं येतात ती गळत गळत येतात.
मेडिकल हुकलं, सीईटीत टक्के आटले,
तिसऱ्या फेरीतही नाव नाही;
मग विषयाच्या रकान्यात फिजिक्स लिहितात,
एसटी चुकल्यावर वडापला लोंबकळावं तसं.

तस्लीम शिकलगारनं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं.
खाडाखोड नाही.
मागं तिचा बाप, मिरज एमआयडीसीत लेथवर,
बोटांच्या रेघांत न निघणारं तेल.
"बीएस्सी करून काय हुतंय, मामा?"
सरांना विचारायला संकोचला असावा.
"कराडला इंजिनिअरिंग मिळतंय तिला. चार वर्षांत पगार."

मला उत्तर येत नव्हतं.
मला हिशेब माहीत होता: तीन वर्षं इथं,
मग कोल्हापूरला एमएस्सी, नाहीतर जॅम देऊन कुठंतरी लांब,
मग पीएचडी,
म्हणजे तिशीपर्यंत पोरगी पोरगीच, वही घेऊन.
हे बोललो नाही. म्हटलं, लॅब तरी बघून जा.

त्यानं सोनोमीटरकडं बघितलं नाही,
भिंतीवरच्या शास्त्रज्ञांकडंही नाही.
टेबलावरचं व्हर्निअर न विचारता उचललं,
जबडे मिटवले, खिडकीकडं धरलं
आणि पहिल्यांदा हसला.
"खोटं बोलतंय हे."
शून्य जुळायला हवं तिथं
दुसरी रेघ जुळलेली.
"आमच्यात असलं माप भंगारात जातं."

"टाकायचं कशाला, अब्बा?
किती खोटं बोलतंय ते कळलंय की.
दर वेळी तेवढं वजा करायचं."

तो गप्प. जबडे उघडले, मिटले.
मग, का कुणास ठाऊक,
तिचा अंगठा धरून त्याची जाडी मोजली,
आकडा वाचला,
आणि ओठातल्या ओठात दोन वजा केले.

पालकाची सही त्यानं
जॉबवर नंबर कोरतात तशी केली.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. जॅम फेब्रुवारीत.
दुपारी लॅब रिकामी असते तेव्हा येऊन बसते,
पंखा लावत नाही, कागद उडतात म्हणून.
लागेल का नंबर, मला विचारू नका,
मी दिवे लावणारा माणूस.

त्या व्हर्निअरला तिनं दोऱ्यानं चिठ्ठी बांधलीय:
अधिक शून्य पूर्णांक शून्य दोन.
नवीन घ्या म्हणून मी दरवर्षी अर्ज देतो.
यंदा
दिला नाही.