पानावरून

रविवार, सकाळचे सात. कात्यायनीच्या डोंगराला आम्ही अकरा जण.
कॉलेजची तीन पोरं, रात्रीची झोप डोळ्यांत घेऊन आलेली,
भूपाल मगदूम, निवृत्त तलाठी, कमरेला पट्टा,
एक नवं जोडपं, एकाच कुदळीला चार हात,
आणि मी. चौतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर.
हाताला अजून कूलंटचा वास येतो, घरची म्हणते.

शिकवायला आरजू मुल्लाणी, गारगोटीची.
वनरक्षकाचं ट्रेनिंग चालू, खाकीची इस्त्री अजून मोडायचीय,
काखेत वही, वहीत चिकटपट्टीनं डकवलेली पानं.

"मामा, वरनं छाटू नगा. छाटली की दुप्पट फुटती.
मातीच्या खाली दोन इंच, खोड संपतंय तिथं घाव घाला.
आणि उपटली की उलटी ठेवा, मुळ्या आभाळाकडं.
भुईला टेकली की धरलीच म्हणून समजा."

दोन इंच मला कळतात.
दोन इंच म्हणजे सोळा सूत.

घाणेरी.
हिचीच काळी फळं खात आम्ही शाळेला जायचो,
मास्तर जीभ बाहेर काढायला लावायचे
आणि जीभ सगळं सांगून टाकायची.
कुणा साहेबाच्या बंगल्याला शोभा म्हणून आली म्हणे,
आणि मग डोंगरभर आपलीच सत्ता.
गवत गेलं, गुरं यायची थांबली,
सशाला शिरायला फट नाही.
तरी फुलाकडं बघितलं की हात जरा थबकतो.
पिवळ्यात गुलाबी, वर फुलपाखरू.
फुलपाखराला कुठं ठाऊक, ही कुठली आन् कोण.

नऊपर्यंत उताराला चाळीसेक झुडपं उलटी,
शीर्षासन केल्यासारखी, मुळ्यांना माती लोंबत.
मला जोर चढला.
एक घाव, एक हिसका. एक घाव, एक हिसका.
आणि आरजू ओरडली,
"मामा! थांबा!"

माझ्या हातात रोप होतं. करवती काठाचं पान,
समोरासमोर जोडी, चौकोनी दांडा.
सगळी मापं जुळत होती.
"काटा कुठाय ह्याला?"
तिनं पान चुरगाळलं, नाकाशी नेलं,
मग वही उघडली, मग परत नाकाशी.
तिचीही खात्री नव्हती, हे मी बघितलं.
मगदूम हळूच म्हणाले, "भारंगी हाय ती."

भारंगी.
आई पाणी काढून, हरभऱ्याची डाळ घालून करायची.
पानात वाढलेली केव्हाही ओळखली असती,
पानावरून ओळखली नाही.

लेथवर जॉब रिजेक्ट झाला तर पेटीत टाकायचा,
भट्टीत जातो, वितळतो, नवा होऊन येतो.
इथं तशी पेटी नाही.
आरजूनं मला एक शब्द बोलायला नको होता, बोलली नाही.
म्हणाली, "मीबी गेल्या महिन्यात दिंडा उपटलाय. साहेबांना सांगितलं न्हाई."
दोघांनी मिळून तोच खड्डा पुन्हा उकरला.
तिनं बाटलीतलं प्यायचं पाणी ओतलं,
मी भोवतीनं दगड रचले, गोल,
डोळ्यानं मापून, पण चांगला गोल.

पुढच्या रविवारी आम्ही सात. त्याच्या पुढच्या, चार.
नवं जोडपं आलं नाही. मगदूमांची कंबर धरली.
आरजूची नेमणूक कुठं होणार, तिलाच माहीत नाही,
वही मात्र तिनं माझ्याकडं दिलीय,
"झेरॉक्स काढून घ्या" म्हणून.

चौथ्या रविवारी दगडांच्या गोलात
वाळकं खोड, आणि बुडाशी
दोन कोंब.
एक इकडं, एक तिकडं, दोन्ही करवती,
दोन्ही नखाएवढे.

गुडघे टेकले. चष्मा काढला, पुसला, घातला.
एकाचं पान चिमटीत धरलं, चुरगाळलं,
नाकाशी नेलं.

कूलंटचाच वास आला पहिल्यांदा.
हात मातीत घासले,
आणि पुन्हा हुंगलं.