पेन्सिलीने

वर्गात वजनकाटा शून्यावर येत नाही,
आठशे ग्रॅमवर अडून बसतो.
तीनदा अर्ज केला.
आता मी प्रत्येक पोरातून आठशे वजा करते
आणि मग लिहिते.

पटावर एकवीस.
त्यातले गावचे चार.
गावचे म्हणजे कोण, ते नोंदवहीत कुठे छापलेलं नाही,
पण कुंडईत कुणालाही विचारा:
ज्यांच्या घरातून शिगम्याला ढोल निघतो, ते.
बाकी सतरा फॅक्टरीमागच्या पत्र्याच्या चाळीतले.
चाळ पुरुषोत्तमबाबांची,
खोलीला चार हजार, नळ एक.
त्यांची नात पिवळ्या बालरथातून फोंड्याला जाते,
गळ्यात टाय, वय साडेतीन.
खिडकीतून मला हात करते.
मी तिलाही मोजून टाकते, सवयीने.

जन्मतारीख विचारली की आया एकमेकींकडे बघतात.
पगार अडकला होता तेव्हाची, म्हणते एक.
दुसरी म्हणते, गाडीत झाला, हुबळी मागे गेल्यावर.
म्हणून माझ्या पटावर
नऊ जणांचा वाढदिवस एक जूनला.

रकाना पाच, मातृभाषा.
यल्लव्वाचं सोपं, कन्नड.
शमीनाच्या बापाची उर्दू, आईची तेलुगू,
पण शब्दातच माता आहे म्हणून तेलुगू लिहिली.
सुक्रा मुंडाची छापील यादीत नव्हती.
'इतर'वर खूण केली.
'इतर'मध्ये आता सहा मुलं बसतात,
दाटीवाटीनं.

मदतनीस एस्पेरांसा मुगाची उसळ ढवळत म्हणते,
बाय, कशाला डोकं शिणवतेस,
सगळ्यांची भाषा एकच लिही: आनी जाय.
खरंच, हे दोन शब्द सगळ्यांना येतात,
पहिल्याच आठवड्यात येतात,
रडणं थांबायच्या आधी.

चवथीच्या आधल्या आठवड्यात
पॅकिंगचं काम सुटलं. दोन खोल्या रिकाम्या झाल्या.
सुक्रा, त्याची बहीण,
आणि अजून नाव पक्कं न झालेला एक.
कुठे गेले, विचारलं.
वेर्ण्याला, म्हणाले कुणी. कुणी म्हणाले, गावाला.
कुठला गाव?
रकाना चार बघितला. तिथे मीच लिहिलेलं:
चाळ, खोली सात.

एकवीसाचे अठरा.
वीसच्या खाली गेलं की अंगणवाडी
खालच्या वाड्यावरच्या अंगणवाडीत विलीन.
तिथे जायला मधे हायवे आहे.
सलग महिनाभर गैरहजर, तर नाव कापावं,
आणि पट शाईनेच भरावा, असं परिपत्रक आहे.
माझा पट पेन्सिलीने आहे.
बालपणापासून अक्षर चुकायची भीती, असं मी सांगते.

सुपरवायझर आल्या त्या दिवशी
बालरथाच्या ड्रायव्हरांचा संप होता.
दारात पुरुषोत्तमबाब, बोटाला नात, टाय तसाच.
तासभर ठेव गे, म्हणाले, बँकेत जाऊन येतो.
एस्पेरांसाची भाची भाचा कडेवर घेऊन
मीठ मागायला आली ती त्याच वेळी.
मी कुणाला काही बोलले नाही.
सुपरवायझर बाईंनी डोकी मोजली. वीस.
काट्यावर नातीला उभं केलं,
आठशे वजा केले.
मातृभाषा? त्यांनी विचारलं.
आजोबा दारातूनच म्हणाले, घरात आम्ही इंग्लिशच बोलतो.

ते गेले. नातीनं
सुक्राच्या वाटीतली उसळ पुसून खाल्ली,
वाटी पुढे केली
आणि शमीनाकडून नुकतंच शिकलेलं
मोठ्यानं म्हणाली.

बँकेतून परतले तर ती उठेना.
बाब उंबऱ्याशी उभे,
चपला काढाव्यात की नाही, ठरत नव्हतं.
आत त्यांच्याच भाडेकरूंची पोरं
त्यांना ओळखून गप्प बसली होती.

संध्याकाळी मी खोडरबर शोधला.
कपाटात, डब्यात, तांदळाच्या पिंपामागे.
एस्पेरांसाला विचारलं.
ती टोप घासत होती,
तिला ऐकू आलं नाही.