पेंढा

मनोरीच्या जेट्टीवर उतरले
तेव्हा तबेलेवाल्याचा टेम्पो रिकामाच परत निघाला होता.
इनासमामाने या वर्षी पेंढा विकला नाही.

भात कापून झालेलं, खुंट तसेच उभे,
जमीन ओली, टाच रुतेल इतकीच.
नांगर नाही, कुदळ नाही.
मामाने कोंब फुटलेले बटाटे
जमिनीवर नुसते ठेवले, विती-वितीवर,
शेणखताची मूठ मूठ टाकली
आणि वर पेंढा, पोटरीपर्यंत.

"ही शेती हाय का आथरून?"
पास्कूने बांधावरून विचारलं.
अख्खी पाखाडी हसली.
मामी चार दिवस बोलली नाही,
पेंढ्याचे पैसे म्हणजे तिचा नाताळ.
मी बोरिवलीच्या पतपेढीत खाती जुळवते,
मलाही कळेना
हे वहीत कुठल्या बाजूला लिहायचं.

जानेवारीत उंदीर आले. एक कोपरा गेला.
"त्यांचा बी वाटा धरलेला,"
मामा म्हणाला, "पन येवरा नाय."

फेब्रुवारीत खाडी खालून चढली
आणि वर येऊन सुकली.
पास्कूचं शेत
घाम वाळलेल्या सदऱ्याच्या पाठीसारखं.

मामाने पेंढा बाजूला सारला.
खणायचं काही नव्हतंच.
बटाटे वरच पडलेले, माती न लागलेले,
रविवारी मिसाला निघाल्यासारखे.
काही लिंबाएवढे, बरेचसे मुठीएवढे,
एक हिरवा,
पेंढा विरळ होता तिथे उजेडाने गाठलेला.
तो त्याने फेकून दिला.

पास्कू वजन विचारत होता.
मी हिशेब सांगितला:
पेंढ्याच्या पैशांपेक्षा वर, पण फार नाही.
मामा ऐकत नव्हता.
त्याने पेंढ्याखालच्या मातीची चिमूट
जिभेवर ठेवली,
बराच वेळ तसाच उकिडवा बसून राहिला.
मग मामीला हाक मारली,
तिच्या तळव्यावर थोडी दिली.

तिने चाखली. थुंकली.
पुन्हा चाखली.

या घरात हा शब्द
आजवर तक्रारीचाच होता,
कालवणाचं ताट पुढे सरकवून
मामाने म्हणायचा.
मामी बांधावर टेकली,
जीभ टाळूला लावून पाहिली एकदा,
आणि हळूच म्हणाली,
"अळणी."