उघाडी

लोट्याला, तिसऱ्या पाळीत, इसाकभाई परकार
स्क्रूड्रायव्हरचं टोक वॉल्वच्या अंगाला टेकवतात,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटतात.
‘पासिंग आहे,’ म्हणतात. ‘बंद दिसतो, बंद नाही. ऐक.’

मी ऐकते. आधी नुसती पंपाची घरघर,
मग तिच्या खाली एक बारीक शीळ,
दूध वर यायच्या आधी पातेलं करतं तशी.

मी शिगवणांची पोर, आयटीआयची, दोन महिन्यांची हेल्पर.
पहिल्या आठवड्यात पाना दिलाच नाही मला त्यांनी.
नुसतं चालवलं लाइनीवरून, हात लाव म्हणाले, ओळख कर.
हा गेट. पूर्ण उघड नाहीतर पूर्ण मीट.
अर्ध्यावर ठेवलास तर आतली पाचर थरथरते,
धार तिची कड खाते,
मग जन्मभर तो ना हो म्हणतो ना नाही.
अर्ध्यावर राहायचं ते ग्लोबनं,
त्याच्या पोटात पाण्याला दोनदा वाकावं लागतं.
बॉलची दांडी अंधारात चाचपली तरी कळते,
पाइपाला धरून असली की चालू, आडवी असली की बंद.
पाव फेऱ्याचं काम. म्हणून सावकाश कर,
नाहीतर लाइन धडका देते.

मग बाकावर एक उघडून ठेवलेला दाखवला.
आत एकच झडप, वरून बिजागरीला लटकलेली.
‘याला काय म्हणतात?’
एनआरव्ही. पाठ होतं मला.
पण तोंडातून गेलं, ‘ही तर उघाडी.’

करंबवण्याला आमच्या खारबांधात दगडी मोरी आहे,
तिला खाडीच्या अंगाला लाकडी दार, असंच लटकतं.
ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं,
भरतीला खाडीच ते दाबून लावते.
कुणाला काही करावं लागत नाही,
असं म्हणणारे लोक बांधावरून जातात.
बाबा चिखलात उतरायचे, कमरेएवढ्या,
दाराच्या कडेची कालवं कोयत्याच्या पाठीनं पाडायचे,
बिजागरीला उंडीचं तेल,
फटीत चिकणमातीत मळलेला काथ्या.
एका उधाणाला दारात नारळ अडकला.
मुठीएवढी फट. सकाळी शेतात बोय उड्या मारत होती.
तीन वर्षं भात धरला नाही.
त्या नारळाचा विषय अजून निघतो आमच्याकडे, जेवताना.

इसाकभाई म्हणाले, ‘मला हे कुवेतला शिकवलं.
तुझ्या बापाला कुणी शिकवलं?’
मी म्हटलं, ‘त्यांच्या बापानं. बहुतेक.’
ते हसले नाहीत. त्या दिवशी मला पाना मिळाला.

आज दोन्हीकडून लाइन तोडली. निचरा केला.
कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात.
खाडी इथून दिसत नाही, पण नटांना कळते,
दोन हलेनात, तेल सोडून चहा पिऊन आलो.
पॅकिंगची रिंग तिरकी कापायची,
एकीचा सांधा दुसरीच्या सांध्यावर येता कामा नये,
नट आवळायचे समोरासमोरचे, थोडे थोडे,
कुणा एकावर भार नको.
वर टाकीच्या माथ्यावर सेफ्टी वॉल्व आहे.
मागे कुणीतरी, सारखा फुसफुसतो म्हणून,
त्याची स्प्रिंग आवळून टाकली होती.
ते नाव इसाकभाई घेत नाहीत.
तिथे बघतात, आणि गप्प होतात.

पहाटे चार वाजता झाकण निघालं.
सीटवर, झडपेच्या ओठात,
वेल्डिंगच्या काडीचा तुकडा. तांदळाएवढा.
मी तळहातावर घेतला, बराच वेळ ठेवला.
‘नारळ,’ इसाकभाई म्हणाले.

आज अमावास्या. ओहोटी खोल, आठपर्यंत तरी.
बाबांचे गुडघे आता चिखलातून वर येऊ देत नाहीत.
पाळी संपताना मी तारेचा ब्रश मागितला.
त्यांनी का म्हणून विचारलं नाही,
रजिस्टरात लिहिलं:
ब्रश एक. ग्रीसचा डबा, अर्धा. सोमवारी परत.