दोन वाजून दहा

हॅनकॉक गावाच्या वरच्या अंगाला, डांबर संपतं तिथे
यादीतलं एकतिसावं घर.
एप्रिल उजाडला तरी पत्रपेटीवर बर्फाची टोपी,
खाली नाव: हेक्किनेन.

माझ्या ट्रकमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यात नवे रेडिओ,
एकेक साबणाच्या वडीएवढा.
जुनं नेटवर्क फेब्रुवारीत बंद झालं.
टॉवर उभेच आहेत, रात्री लाल दिवा लागतो,
विमानांना दिसतात.
फक्त जुन्या पेट्यांचं बोलणं
त्यांना आता कळत नाही.

कंपनीची तीन पत्रं आली होती.
आयलीबाईंनी ती सौनाच्या शेगडीत घातली.
"जाहिराती वाटल्या," त्या म्हणाल्या.
कोटांच्या कपाटात अलार्मची पेटी
दर चार तासांनी किरकिरायची,
म्हणून तिच्या तोंडावर त्यांनी
आर्वोचा लोकरी हातमोजा बांधला होता.
आर्वो जाऊन सहा वर्षं झाली.
गाठ पक्की होती. सोडवायला मला वेळ लागला.

झाकण उघडलं की मी आधी नोंदी वाचतो.
ते काही कामात धरलेलं नाही. सवय आहे.

रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
पेटी कंपनीला हाक द्यायची:
मी आहे. घर ठीक आहे.
पलीकडून एक टिक यायची, म्हणजे ऐकलं.
मग फेब्रुवारीची अखेर.
प्रयत्न एक. प्रयत्न दोन. प्रयत्न आठ. संपर्क नाही.
दुसऱ्या रात्री पुन्हा दोन वाजून दहा.
तिसऱ्या रात्रीही.
मी बोटाने खाली खाली सरकत गेलो,
जुन्या वहीतली उधारी बघावी तसा.

सत्तावीस मार्च, पहाटे चार सतरा.
ही चाचणीची वेळ नव्हे.
झोन नऊ. गळ्यातलं बटण.
प्रयत्न आठ. संपर्क नाही.
चार एकोणीस, झोन नऊ.
चार बावीस, झोन नऊ.
पाच वाजून चार.
पुढे काही नाही.
सात चाळीसला मागचं दार उघडलं.

आयलीबाई टेबलावर वेलदोड्याचा पाव कापत होत्या.
मी विचारलं.
"हो, न्हाणीघरात पडले होते."
सुरी थांबली नाही.
"वाटलं, तुम्ही लोक कामात असाल.
एवढ्या पहाटे कुणाकुणाकडे बघणार?
मग टॉवेलच्या दांडीला धरून उठले.
लाकडं आत आणायची होती."

हे घर मी यादीत दोनदा पुढे ढकललं होतं.
एकदा रस्ता बंद होता.
एकदा मुलीचा हॉकीचा सामना होता,
तीनास दोन, जिंकल्या त्या.
यातलं मी काही बोललो नाही.
पाव खाल्ला. गरम होता.

चार स्क्रू, एक वायर, एक अँटेना.
"हे किती वर्षं चालेल?"
दहा तरी, मी म्हणालो,
मग हेही नेटवर्क जाईल, दुसरं येईल.
"दहा पुरेत मला," त्या म्हणाल्या,
हिशोब आधीच करून ठेवल्यासारख्या.

आता बटण दाबून बघा, म्हटलं.
त्यांनी अंगठ्याने दाबलं, जोर लावून,
आणि दाबूनच धरलं.
कपाटात, कोटांच्या मागून,
एका तरुण मुलीचा आवाज आला, कुठल्या तरी दूरच्या शहरातून:
"मिसेस हेक्किनेन, आपण ठीक आहात ना?"

ही चाचणी आहे, असं मी लगेच सांगायला हवं. नियम आहे तसा.
आयलीबाई कोट बाजूला सारून
पेटीपाशी वाकल्या, आवाज जरा चढवला,
आणि सत्तावीस मार्चपासून सांगायला लागल्या:
दिवा लावला नव्हता, फरशी ओली होती,
डावा गुडघा आधी टेकला...
मुलगी ऐकत होती. मध्येच म्हणाली, "हं, मग?"

मी हातमोजा घडी करून
खुंटीवर ठेवला.
सांगितलं नाही.